नकारांची परंपरा : फ्रेंच कादंबरीच्या 'विकासा'चे विद्यापीठीय अध्ययन

१

'फ्रेंच कादंबरीचा उद्गम आणि विकास' अशा शीर्षकाची अभ्यासपत्रिका परकीय भाषांच्या आणि तौलनिक साहित्याच्या विभागांना अपरिचित नाही. तिचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. मादाम द लाफायेत यांच्या 'ला प्रँसेस द क्लेव्ह' (१६७८) या कादंबरीपासून आरंभ करावयाचा. आबे प्रेव्हो, रूसो आणि लाक्लो यांच्या मार्गाने अठरावे शतक ओलांडावयाचे. बाल्झाक, फ्लोबेर आणि झोला या तीन टप्प्यांत वास्तववादाचा उदय, परिपाक आणि निसर्गवादात झालेले रूपांतर दाखवावयाचे. पुढे प्रूस्तपाशी अंतर्मुखता आणि रॉब-ग्रियेपाशी 'नवकादंबरी' गाठून पत्रिका पूर्ण करावयाची. या क्रमात निवडलेली प्रत्येक कृती निःसंशय महत्त्वाची आहे. प्रश्न आहे तो या कृतींना एका सूत्रात ओवणाऱ्या 'विकास' या संकल्पनेचा.

विकास म्हणजे बीजात असलेल्या शक्यतेचे क्रमाने उलगडणे. कादंबरीच्या बाबतीत ही कल्पना स्वीकारली, की आधीची प्रत्येक कृती नंतरच्या कृतीची अपुरी पूर्वतयारी ठरते. तौलनिक अभ्यासात याचा परिणाम अधिक गंभीर होतो. फ्रेंच कादंबरीचे टप्पे एकदा मोजपट्टीसारखे निश्चित झाले, की मराठी, बंगाली वा तमिळ कादंबरीने कोणता टप्पा किती वर्षांच्या विलंबाने गाठला एवढाच प्रश्न शिल्लक उरतो. पास्काल काझानोव्हा यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात जागतिक साहित्यव्यवहाराच्या संदर्भात पॅरिसला ग्रीनिचच्या याम्योत्तर वृत्ताची उपमा दिली आहे. इतर साहित्यांचा 'काळ' तेथून मोजला जातो, असे त्या दाखवितात. या मोजणीचे वर्णन करणे वेगळे आणि आपल्या अभ्यासक्रमातून ती नकळत राबविणे वेगळे.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे, की फ्रेंच कादंबरीचा इतिहास हा टप्प्यांचा इतिहास म्हणून शिकविण्यापेक्षा नकारांचा इतिहास म्हणून शिकविणे कृतींशी अधिक प्रामाणिक आहे. या परंपरेतील निर्णायक कृतींपैकी बहुतेकींनी 'ही कादंबरी नव्हे' किंवा 'आजवर जिला कादंबरी म्हटले गेले ती ही नव्हे' अशी भूमिका घेतलेली आढळते. तो नकार कोणाला उद्देशून होता, कोणत्या दडपणाखाली दिला गेला आणि त्याने कृतीच्या घडणीत काय बदल केले, हे पाहणे म्हणजेच या वाङ्मयप्रकाराचा इतिहास पाहणे होय.

२

प्रारंभी संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे. फ्रेंच 'रोमां' हा शब्द मुळात एका भाषेचे नाव होता. बाराव्या शतकात लॅटिनहून भिन्न अशा लोकभाषेला 'रोमां' म्हणत. थीब्ज, ट्रॉय आणि ईनिअस यांच्या लॅटिनमधील कथा या भाषेत 'आणल्या' गेल्या, आणि भाषेचे नाव हळूहळू त्या कथनाला चिकटले. इंग्रजी 'नॉव्हेल' हा शब्द नावीन्याची ग्वाही देतो. मराठी 'कादंबरी' हे सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकृतीचे नाव. म्हणजे येथे एका ग्रंथाच्या विशेषनामाचे सामान्यनाम झाले. एकाच वाङ्मयप्रकाराला तीन भाषांनी दिलेल्या या नावांतून तीन वेगळ्या स्मृती बोलतात : एक लोकभाषेची, दुसरी नवतेची आणि तिसरी अभिजात पूर्वसूरीची.

हा भेद केवळ व्युत्पत्तीपुरता नाही. इंग्रजीत 'रोमान्स' आणि 'नॉव्हेल' असे दोन शब्द असल्यामुळे अद्भुतापासून वास्तवाकडे झालेले संक्रमण शब्दातच नोंदले जाते. फ्रेंचमध्ये मध्ययुगीन क्रेतियँ द त्र्वाच्या पद्यकथांनाही 'रोमां' म्हणतात आणि प्रूस्तच्या कृतीलाही 'रोमां'च म्हणतात. जुन्यापासून वेगळे व्हावयाचे तर तेथील लेखकाला दुसरा शब्द उपलब्ध नव्हता. त्याला तोच शब्द नाकारावा लागे, किंवा त्यात नवा अर्थ भरावा लागे. नकाराच्या परंपरेचे एक कारण असे भाषेतच आहे.

भारतीय विद्यापीठांत कादंबरीचा सिद्धांत प्रामुख्याने इंग्रजी विभागांच्या द्वारे आला, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी लागते. ईयन वॉट यांचा 'द राइज ऑफ द नॉव्हेल' (१९५७) हा ग्रंथ अनेक पिढ्यांनी प्रमाण मानला. परंतु 'प्रँसेस द क्लेव्ह'पासून लाक्लोपर्यंतचे फ्रेंच कथात्म गद्य वॉट यांनी कादंबरीच्या मुख्य प्रवाहाबाहेर ठेवले आहे. ते गद्य इतके डौलदार आहे, की अस्सल वाटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. डिफो आणि रिचर्डसन यांच्यावरून तयार केलेले माप फ्रेंच कृतींना लावले आणि त्या मापात बसल्या नाहीत म्हणून त्या बाजूला सारल्या, असे येथे घडले. ज्या साहित्याला आपण 'केंद्र' समजतो त्यालाही दुसऱ्या केंद्राच्या मोजपट्टीने 'बाह्य' ठरविता येते. मोजपट्टीच्या सार्वत्रिकतेविषयी शंका घेण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

३

सतराव्या शतकातील फ्रेंच काव्यशास्त्रात कादंबरीला स्थान नव्हते. शोकात्मिका, महाकाव्य आणि सुखात्मिका यांचे नियम सांगणाऱ्या ब्वालोच्या 'आर पोएतिक' (१६७४) या ग्रंथात कादंबरीचा उल्लेख येतो तो ओझरता. क्षुल्लक करमणुकीला सवलत द्यावी अशा स्वरात. त्याआधी चारच वर्षे, १६७० मध्ये, पिएर-दानिएल ह्युए यांनी कादंबरीच्या उद्गमावर स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि तिचे मूळ पौर्वात्य देशांत शोधले. फ्रेंच कादंबरीच्या पहिल्या इतिहासकारांपैकी एकाला ती फ्रेंच भूमीतच उगवली असे वाटले नव्हते, ही बाब विकासाच्या सरळ कथेत सहसा सांगितली जात नाही.

'प्रँसेस द क्लेव्ह' निनावी प्रसिद्ध झाली. विवाहित स्त्रीने परपुरुषाविषयीची आपली ओढ पतीजवळच कबूल करावी का, हा तिच्यातील पेच 'मर्क्यूर गालां' या नियतकालिकाने वाचकांपुढे प्रश्न म्हणून ठेवला. व्हालँकूर यांनी त्याच वर्षी तिच्यावर सविस्तर टीका लिहिली. ही टीका एकाच मुद्द्याभोवती फिरते : अशी कबुली संभवनीय आहे काय? संभवनीयता म्हणजे त्या काळी लोकमताला मान्य असलेले वर्तन. नायिका असे वागते, की त्यासाठी समाजाजवळ तयार सूत्र नाही. ज्या वर्तनाला नियम नाही ते दाखविण्याचे सामर्थ्य कादंबरीत आहे, हे या वादातून प्रथमच स्पष्ट झाले.

अठराव्या शतकात हा पेच अधिक तीव्र झाला. जॉर्ज मे यांनी १९६३ च्या आपल्या अभ्यासात त्याचे नेमके निदान केले आहे. कादंबरीकाराने सद्गुणी पात्रे रंगविली तर त्याच्यावर असत्याचा आरोप येई. माणसे आहेत तशी रंगविली तर अनीतीचा. १७३० नंतरच्या दशकात राजसत्तेने कादंबऱ्यांच्या प्रकाशनपरवान्यांवर कठोर निर्बंध घातले, असेही ते दाखवितात. या कोंडीतून सुटण्यासाठी लेखकांनी कादंबरीच नाकारली. 'मानों लेस्को' (१७३१) ही एका गृहस्थाच्या आठवणींचा भाग म्हणून पुढे येते. माँतेस्क्यूची 'लेत्र पेर्सान' (१७२१) हा इराणी प्रवाशांचा पत्रव्यवहार ठरतो. 'ज्युली' (१७६१) प्रसिद्ध करताना रूसो स्वतःला संपादक म्हणवितो, पत्रे खरी की कल्पित हे सांगण्याचे टाळतो, आणि शीलवती मुलींनी कादंबऱ्या वाचू नयेत असा इशारा कादंबरीच्याच प्रस्तावनेत देतो. दिदरोने रिचर्डसनच्या गौरवलेखात (१७६२) 'कादंबरी' या शब्दाने आजवर पोकळ कल्पनारम्य घटनाच सूचित होत आल्या, म्हणून या कृतींना दुसरे नाव मिळावे, अशी इच्छा व्यक्त केली.

या साऱ्यांचा कळस लाक्लोच्या 'ले लिएजाँ दांजरूझ' (१७८२) मध्ये दिसतो. येथे दोन प्रास्ताविके आहेत. संपादक ही पत्रे खरी असल्याचे सूचित करतो. त्याच्याआधी प्रकाशक वाचकाला सावध करतो, की ही बहुधा एक कादंबरीच असावी, कारण इतके दुराचारी लोक आपल्या सुसंस्कृत शतकात असणे शक्य नाही. उपरोध उघड आहे. 'ही कादंबरी आहे' हे विधान येथे समाजाच्या आत्मसंतुष्टतेची चेष्टा करण्यासाठी वापरले गेले आहे. नकाराचे शस्त्र लाक्लोने उलटे धरले.

असा नकार केवळ फ्रेंच लेखकांनीच दिला असे नाही. 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) हीदेखील संपादकाच्या हातून आलेल्या सत्यकथेच्या रूपात अवतरली. परंतु फ्रान्समध्ये १६३५ पासून अकादमी होती, काव्यशास्त्राचा दबदबा होता आणि कोणत्या वाङ्मयप्रकाराची प्रतिष्ठा किती याची उतरंड ठरलेली होती. नकाराला तेथे निश्चित श्रोता होता. म्हणूनच त्याची परंपरा होऊ शकली.

४

एकोणिसाव्या शतकात कादंबरी प्रतिष्ठित झाली, तेव्हा नकार थांबावयास हवा होता. तो थांबला नाही. त्याचे लक्ष्य बदलले. बाल्झाक 'पेर गोर्यो'च्या (१८३५) आरंभीच वाचकाला सांगतो, की ही कल्पित कथा नव्हे, कादंबरीही नव्हे. यातील सारे खरे आहे. १८४२ च्या सर्वसाधारण प्रस्तावनेत तो इतिहासकाराचे पद आपल्या समाजाकडे देतो आणि स्वतः त्याचा केवळ लेखनिक होतो. प्राणिशास्त्रातील जातींप्रमाणे सामाजिक जाती असल्याचेही सांगतो. गाँकूर बंधू 'जेर्मिनी लासेर्तो'च्या (१८६५) प्रस्तावनेत बजावतात, की वाचकांना खोट्या कादंबऱ्या आवडतात आणि ही मात्र खरी आहे. झोला क्लोद बेर्नारच्या वैद्यकशास्त्रीय पद्धतीचा आधार घेऊन १८८० मध्ये 'प्रायोगिक कादंबरी'ची मांडणी करतो. आता नकाराला नीतीच्या पहारेकऱ्यांपेक्षा ज्ञानक्षेत्रातील प्रतिस्पर्ध्यांची अधिक चिंता आहे. इतिहास, प्राणिशास्त्र आणि शरीरशास्त्र यांच्या पंक्तीला बसावयाचे तर करमणुकीचा शिक्का पुसणे भाग होते.

येथे विकासवादी मांडणी एक गोष्ट झाकून टाकते. एमिल द जिरार्दँने १८३६ मध्ये 'ला प्रेस' हे दैनिक निम्म्या वर्गणीत सुरू केले. जाहिरातींसाठी मोठा वाचकवर्ग हवा होता, आणि तो टिकविण्यासाठी क्रमशः कादंबरी आली. बाल्झाकची 'ला व्हिएय फीय' त्याच वर्षी त्या दैनिकात छापली गेली. यूजेन स्यूची 'ले मिस्तेर द पारी' १८४२-४३ मध्ये 'जुर्नाल दे देबा'तून प्रसिद्ध झाली आणि तिने वाचकांना वेड लावले. 'शास्त्रीय' कादंबरीचा दावा आणि दैनिकाच्या तळातली क्रमशः कादंबरी ही एकाच काळाची अपत्ये आहेत. एकीचा उच्चार दुसरीला दूर सारण्यासाठी झाला.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एक खराखुरा धागा सापडतो. स्यूच्या प्रभावाने लंडनमध्ये जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सने आपल्या 'रहस्य' कादंबऱ्या लिहिल्या, आणि भारतीय भाषांत रेनॉल्ड्सची भाषांतरे-रूपांतरे विपुल झाली. हरि नारायण आपटे यांच्या 'मधली स्थिती' (१८८५) या पहिल्या कादंबरीमागे रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'ची प्रेरणा आहे. म्हणजे मराठी सामाजिक कादंबरीपर्यंत फ्रेंच कादंबरीचे जे पाणी आधी झिरपले ते फ्लोबेरच्या विहिरीतले नव्हते. ते दैनिकांच्या पाटातून, लंडनमार्गे, बरेच गढूळ होऊन आले. त्यातून आपट्यांनी जे घडविले ते रेनॉल्ड्सपासून फार दूर गेले. 'पण लक्षात कोण घेतो!' ही एका विधवेची आत्मकथा म्हणून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा तिच्यात ना स्यूची रहस्ये होती ना झोलाचे शास्त्र. टप्प्यांच्या कोष्टकात हा प्रवास कोठेच मांडता येत नाही.

५

१८५७ हे साल तौलनिक अभ्यासकाला मोह पाडणारे आहे. त्या वर्षी 'मादाम बोव्हारी' ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन'ही. दोहोंच्या केंद्रस्थानी स्त्री आहे. एवढ्यावरून 'समकालीनता' सिद्ध करणे भाबडेपणाचे होईल; आणि दोहोंतील कलात्मक अंतर मोजून 'मागासलेपण' सिद्ध करणे तितकेच निरर्थक. फलदायी ठरतो तो वेगळा प्रश्न : या दोन कृती आपण काय आहोत असे सांगतात? पदमनजींच्या ग्रंथाचे उपशीर्षक हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे 'निरूपण' असे आहे. निरूपण हा कीर्तन-प्रवचनातला आणि धर्मचर्चेतला शब्द. येथेही कृती आपल्या समर्थनासाठी कथेबाहेरच्या, अधिक प्रतिष्ठित अशा वाग्व्यवहाराचा आधार घेते. बाल्झाक प्राणिशास्त्राकडे जातो, पदमनजी निरूपणाकडे. आधार कोणता घेतला यातून त्या त्या समाजात सत्य सांगण्याचा अधिकार कोणाकडे होता, ते कळते.

फ्लोबेरने मात्र कोणताच आधार घेतला नाही, आणि त्याची किंमत मोजली. 'रेव्ह्यू द पारी'मध्ये कादंबरी छापून येताच तिच्यावर नीती आणि धर्म यांच्या अवमाननेचा खटला झाला. सरकारी वकील एर्नेस्त पिनार याची मुख्य तक्रार अशी होती, की एमाला दोषी ठरविणारे एकही पात्र या ग्रंथात नाही. न्यायालयाने ७ फेब्रुवारी १८५७ रोजी लेखकाला निर्दोष सोडले, परंतु कृतीविषयीची नापसंती निकालपत्रात नोंदविली. हान्स रॉबर्ट याउस यांनी पुढे दाखविल्याप्रमाणे पिनारची चूक वाचनाची होती. एमाचे विचार त्याने लेखकाची मते म्हणून वाचले. या चुकीचे कारण मुक्त परोक्ष निवेदन. या शैलीला १९१२ मध्ये शार्ल बाली यांनी शास्त्रीय नाव दिले. तृतीय पुरुष आणि अपूर्ण भूतकाळ निवेदकाचा राहतो. 'आता', 'येथे', उद्गार आणि प्रश्न मात्र पात्राचे असतात. वाक्य कोणाचे, याचा निर्णय व्याकरण करीत नाही.

मराठी वाचकापुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. इंग्रजी-फ्रेंचमध्ये परोक्ष कथनात काळ मागे सरकतो आणि पुरुष बदलतो. मराठीत 'ती म्हणाली, की मी उद्या येईन' असे पात्राचे बोलणे त्याच्याच पुरुषात आणि काळात राहू शकते. त्यामुळे निराश नायिकेच्या मनातला प्रश्न अनुवादकाला तीन प्रकारे मांडता येतो. 'आता ती कोठे जाणार होती?' हे फ्रेंच रचनेच्या सर्वांत जवळचे. पण मराठीत ते निवेदकाची पृच्छा वाटण्याचा संभव असतो. 'आता मी कोठे जाऊ?' हे सरळ स्वगत. तिसरा मार्ग 'आता आपण कोठे जाणार?' हा. येथील 'आपण' हे सर्वनाम ज्याच्या मनात विचार चालला आहे त्याच्याकडे वळते. ते धड प्रथमपुरुषी नाही आणि धड तृतीयपुरुषीही नाही. मराठी कादंबरीकारांनी पात्राच्या मनोव्यापारासाठी त्याचा सर्रास उपयोग केला आहे.

'आपण'ने समस्या सुटते असे मात्र म्हणता येत नाही. फ्लोबेरच्या 'ती'मध्ये एक थंड अंतर आहे. निवेदक एमाच्या शब्दांत बोलत असतानाही तिच्याकडे बाहेरून पाहतो. 'आपण' म्हणताच ते अंतर घटते आणि उपरोधाची जागा जवळीक घेते. पिनारला जी द्व्यर्थता असह्य झाली ती मराठीत एक तर विरून जाते किंवा सहानुभूतीच्या बाजूला कलते. म्हणून 'मराठीत फ्लोबेरसारखी वस्तुनिष्ठता का आली नाही' हा प्रश्न विचारण्यापूर्वी, फ्लोबेरची वस्तुनिष्ठता फ्रेंच व्याकरणाच्या कोणत्या सोयीवर उभी आहे, हे विद्यार्थ्याला समजले पाहिजे. मूळ फ्रेंच उतारा, त्याची दोन इंग्रजी भाषांतरे आणि वर्गात तयार केलेले मराठी मसुदे शेजारी ठेवून केलेले वाचन या दृष्टीने वाङ्मयेतिहासावरील अनेक व्याख्यानांहून अधिक उपयुक्त ठरेल.

६

विसाव्या शतकात नकार स्वतः वास्तववादाविरुद्ध वळला. आंद्रे ब्रतोंने १९२४ च्या अतिवास्तववादी जाहीरनाम्यात कादंबरीतील वर्णनांची खिल्ली उडविली. झीदने आपल्या बहुतेक कथात्म कृतींना 'रेसी' वा 'सोती' म्हटले आणि 'ले फो-मोनायर' (१९२५) हीच आपली पहिली कादंबरी असल्याचे घोषित केले. ती कादंबरीही कादंबरी लिहू न शकणाऱ्या कादंबरीकाराविषयी आहे. प्रूस्तच्या विराट कृतीचा आरंभ सँत-बव्हवरील निबंधातून झाला, आणि आपण कादंबरी लिहीत आहोत की तत्त्वचिंतन याविषयी त्याने आपल्या टिपणवहीत शंका व्यक्त केली होती. १९३९ मध्ये सार्त्रने मोरियाकच्या सर्वज्ञ निवेदकावर टीका केली. नाताली सारोत यांचा 'लेर द्यू सुपसों' (१९५६) आणि रॉब-ग्रियेचा 'पूर अँ नुव्हो रोमां' (१९६३) या निबंधसंग्रहांनी पात्र आणि कथानक यांवरचा विश्वासच काढून घेतला. या पिढीने बाल्झाकला 'जुन्या कादंबरी'चा प्रतिनिधी बनविले. बाल्झाकनेही कधीकाळी 'ही कादंबरी नव्हे' असे म्हटले होते, हे त्या वादात विसरले गेले.

ही साखळी पॅरिसमध्ये संपत नाही. गयाना येथील मूळ असलेल्या कुटुंबातील रने मारां यांना 'बातुआला'साठी १९२१ चा गाँकूर पुरस्कार मिळाला. तिच्या प्रस्तावनेत वसाहती कारभारावर कडक टीका होती. काटेब यासीन यांची 'नेद्ज्मा' १९५६ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रकाशकांनी तिला निवेदन जोडून युरोपीय विचार सरळ रेषेत चालतो आणि अरबी विचार वर्तुळात, असे स्पष्टीकरण दिले. त्याच सुमारास पॅरिसमधील प्रयोगशील कादंबरीकारही काळाची सरळ रेषा मोडीत होते. तेथे जो कलाविषयक प्रयोग ठरला तोच अल्जीरियाच्या लेखकाच्या बाबतीत वांशिक स्वभाव ठरला. 'विकास' या कल्पनेचे राजकारण याहून स्पष्टपणे दाखविणारा दाखला क्वचितच मिळेल. कामेल दाऊद यांच्या 'मेर्सो, काँत्र-आंकेत' (२०१३) या कादंबरीत तर काम्यूच्या 'लेत्रांजे'मधील (१९४२) अनाम अरब मृताचा भाऊ बोलू लागतो आणि त्या कृतीने ज्याला नावही दिले नाही त्याला नाव देतो.

साखळीतील अलीकडची कडी म्हणजे आनी एर्नो. 'ला प्लास'मध्ये (१९८३) वडिलांविषयी लिहिताना त्यांनी कादंबरीचा मार्ग जाणीवपूर्वक सोडला. गरजेने जखडलेल्या आयुष्याला कलात्मक रूप देण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी त्यांची धारणा होती. लेखनामुळे वर्ग बदललेल्या मुलीने आपल्या मूळ वर्गाशी दगा करू नये, हा या नकाराचा नैतिक गाभा आहे. २०२२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मराठीत दलित आत्मकथनांच्या संदर्भात, आत्मकथन आणि कादंबरी यांच्या सीमेवर जी चर्चा झाली, तिच्याशी हा नकार ताडून पाहण्यास भरपूर वाव आहे. अट एवढीच, की दोहोंतील वर्ग आणि जात यांचा भेद पुसून टाकू नये.

७

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की नकारांची ही मालिकादेखील एक सरळ रेषाच झाली. आक्षेप रास्त आहे. जे लेखक नकार देत नाहीत ते या मालिकेतूनही गळतात. मार्गारेट कोहेन यांनी १९९९ च्या आपल्या अभ्यासात दाखविले आहे, की बाल्झाक आणि स्तांदाल लिहू लागले तेव्हा भावनाप्रधान कादंबरीचे क्षेत्र प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होते, आणि वास्तववादाने ते क्षेत्र स्पर्धेतून बळकावले. मादाम द स्ताल यांची 'कोरीन' (१८०७), सेनेगाली तरुणीचे मनोगत सांगणारी मादाम द द्युरा यांची 'ऊरिका' (१८२३) आणि पुढे ज्यॉर्ज सांद यांचे लेखन या बाजूचे आहे. म्हणून प्रत्येक नकाराबरोबर एक प्रतिप्रश्न विचारला पाहिजे : 'खोटी कादंबरी' म्हणून नेमके कोणाचे लेखन बाजूला सारले जात आहे? हा प्रतिप्रश्न नसेल, तर नकारांचा इतिहास विजेत्यांच्या घोषणांचा इतिहास होईल.

दुसरा आक्षेप अध्यापनाचा आहे. विद्यार्थ्याला कालक्रम हवा असतो, परीक्षेला टप्पे हवे असतात. परंतु हे टप्पेही संस्थांनीच घडविले आहेत. ग्युस्ताव्ह लांसाँ यांचा १८९४ चा वाङ्मयेतिहास आणि १९४८ पासून आलेली लागार्द-मिशार यांची शतकवार पाठ्यपुस्तके यांनी फ्रान्समधील पिढ्यांच्या मनात हा क्रम रुजविला. फ्रान्समध्ये त्या क्रमाला निदान नागरिकत्वाच्या शिक्षणाचा अर्थ आहे. २००६ मध्ये निकोला सार्कोझी यांनी सरकारी नोकरीच्या परीक्षेत 'प्रँसेस द क्लेव्ह'वर प्रश्न असण्याची थट्टा केली. २००९ च्या आंदोलनात अध्यापक आणि विद्यार्थी यांनी पँतेओंसमोर त्या कादंबरीचे जाहीर वाचन करून त्यांना उत्तर दिले. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची कृती विद्यापीठाच्या स्वायत्ततेचे प्रतीक झाली. आपल्या विद्यापीठांत त्या क्रमाला असा अर्थ नाही. आपण फ्रेंच नागरिक घडवीत नाही. आपण तुलना शिकवितो.

तेव्हा कालक्रम टाकून देण्याची गरज नाही. पाठ्यघटकांची जुळणी बदलावी लागेल. पहिल्या घटकात केवळ प्रस्तावना वाचाव्यात : लाक्लोची दोन प्रास्ताविके, बाल्झाक आणि गाँकूर यांच्या प्रस्तावना, मारां यांची प्रस्तावना, 'नेद्ज्मा'चे प्रकाशकीय निवेदन, आणि त्यांच्याजोडीला एकोणिसाव्या शतकातील भारतीय कादंबऱ्यांच्या प्रस्तावना. दुसऱ्या घटकात निवेदकाच्या आवाजाचा अभ्यास भाषांतराच्या द्वारे व्हावा. तिसऱ्यात दैनिके, मासिके आणि क्रमशः प्रकाशन यांचा. फ्रँको मोरेत्ती यांनी २००० मध्ये मांडले, की बहुतेक साहित्यांत कादंबरी ही परकीय रूप आणि स्थानिक द्रव्य यांच्या तडजोडीतून आली, आणि इंग्रजी-फ्रेंच उदाहरणे हाच अपवाद आहे. वर पाहिलेल्या पुराव्यावरून आणखी एक पाऊल पुढे जाता येते. फ्रेंच कादंबरीलाही आपले रूप आयते मिळाले नाही. स्मृतिकथा, पत्रव्यवहार, इतिहास, प्राणिशास्त्र आणि न्यायालय यांच्याशी तिलाही पुनःपुन्हा तडजोड करावी लागली.

हे एकदा ध्यानात आले, की 'मराठी कादंबरी किती मागे' हा प्रश्न विद्यार्थी आपोआप विचारीनासा होईल असे नाही. तो फार खोल रुजलेला आहे. परंतु तो विचारला गेला, की 'कोणाच्या मागे आणि त्या वेळी ती पुढची कादंबरी स्वतःला काय म्हणवीत होती' हा उलटप्रश्न करण्याची साधने त्याच्याजवळ असतील. तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेने एवढी साधने दिली, तरी फ्रेंच कादंबरी शिकविण्याचे प्रयोजन सफल झाले असे मानण्यास हरकत नाही.